मशेरीची शपथ

आमच्या घरात तंबाखू तिघांना लागायचा, पण व्यसनी मात्र एकटी आई होती. वडील तळहातावर चुना लावून तंबाखू मळत आणि चिमूट दाढेखाली धरत. ती त्यांची तलफ. काका लासलगावला कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होते. ते रविवारी आमच्याकडे नाशिकरोडला आले की खाटेवर मांडी घालून सिगारेट ओढत. तो त्यांचा शौक. आई सकाळी मागच्या दाराशी बसून बोटावर चिमूटभर मशेरी घेऊन दातांना लावायची. ते व्यसन. तलफेसाठी घरात पिकदाणी होती, शौकासाठी काचेची राखदाणी होती, आणि व्यसनासाठी मोरीमागचा एक ओला कोनाडा. हे वर्गीकरण कुणी केलं हे विचारायची सोय नव्हती, कारण ते करणारे दोघंही खाटेवर बसलेले असत.

मशेरी आता फारशी दिसत नाही, म्हणून सांगते. तंबाखू तव्यावर काळाठिक्कर होईपर्यंत भाजायचा आणि कुटून त्याची पूड करायची. भाजताना असा घशाला झोंबणारा धूर उठतो की शेजारच्या घरांतली माणसं खोकत बाहेर येतात. त्यामुळे मशेरी चोरून लावता येते, पण चोरून भाजता येत नाही. म्हणायला ती दात घासायची पूड. दात घासायला लागतात पाच मिनिटं, आणि आई बसायची अर्धा तास. दिवसभरात तेवढाच वेळ तिला कुणी हाक मारत नसे. तोंडात मशेरी असलेल्या बाईला बोलता येत नाही, हे घरातल्या सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. बाकीच्या वेळी तिला बोलायला वेळ नसायचा, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ती सिन्नरची. तिच्या माहेरी घरोघर बायका विड्या वळत. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. शाळेत जायच्या वयात ती त्या सुपापुढं बसली. एकदा दाढ ठणकायला लागली तेव्हा कुणा शहाण्या बाईनं तिच्या बोटावर मशेरी ठेवली. दाढ थांबली. भूकही थांबली, हा वरचा फायदा. त्यानंतर तिला भूक लागली, भीती वाटली, कुणी मारलं, की मशेरी. कोवळ्या वयात मेंदूला एकच गोष्ट शिकवली गेली होती आणि ती तो चोख शिकला होता. लग्न होऊन ती नाशिकरोडच्या वसाहतीत आली तेव्हा तिच्या पेटीत दोन लुगडी होती आणि एक मशेरीची डबी.

वडील एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि वसाहतीतल्या विहाराच्या समितीवर होते. आमचं घर बौद्ध. वडिलांच्या तरुणपणी घरातला देव्हारा गोदावरीत सोडून दिलेला. त्याचा त्यांना अभिमान होता आणि मलाही आहे. भिंतीवर दोन तसबिरी होत्या, त्यांच्याखाली आम्ही वंदना म्हणायचो, आणि मग वडील बोलायचे. अंगारे, धुपारे, नवस, लिंबू-मिरची यांच्यावर ते तासभर सहज बोलत. त्यांचं बोलणं खरोखर चांगलं असायचं. त्यांच्या भाषणातला शब्द न् शब्द मला आजही पटतो, आणि म्हणूनच त्यांच्यावरचा माझा राग आजही ताजा आहे.

मी पाचवी-सहावीत असेन तेव्हा आईच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसायला लागला. तिखट लागलं की ती डोळे मिटून घ्यायची. वडील तिला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, मीही सोबत होते. डॉक्टरांनी बॅटरी लावून आईच्या तोंडात पाहिलं आणि जे सांगायचं ते वडिलांना सांगितलं.

"मशेरी बंद करा. नाहीतर हे पुढं कॅन्सरवर जाईल. पण या बायका ऐकत नाहीत हो."

या बायका म्हणजे समोर तोंड उघडं ठेवून बसलेली माझी आई. तिला त्यांनी एक शब्दही विचारला नाही. घरी येताना ती एस.टी.च्या खिडकीशी बसून पदर तोंडाला लावून राहिली. आई मरणार का, असं मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "तिच्या हातात आहे." माझ्या आईच्या हातात काय काय असायचं ते मला माहीत होतं, त्यात ही भर पडली.

आता समिती कामाला लागली. समिती म्हणजे वडील आणि रविवारचे काका. एकाच्या दाढेखाली तंबाखू, दुसऱ्याच्या बोटात सिगारेट, आणि विषय आईचं व्यसन. काकांनी उपाय सांगितला. लासलगावच्या बाजाराला येणाऱ्या एका गाडीवानानं म्हणे पोराच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली होती. मोडली तर पोराचं बरंवाईट होणार या धाकानं तो पुन्हा गुत्त्याकडे फिरकला नाही. मला वाटलं, आता वडील उसळतील. शपथेनं कुणाचं बरंवाईट होतं हे त्यांच्या भाषणातल्या अंधश्रद्धांच्या यादीत तिसऱ्या नंबरावर होतं.

वडील म्हणाले, "हे चालेल."

तसबिरींखाली आईला बसवलं. आता डोकं कुणाचं? घरात मुलं दोन, मी आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ जवळच गोट्या मोजत बसला होता. काकांनी त्याला पुढं ओढलं तेव्हा वडील चटकन म्हणाले, "त्याला नको. हिला बसव." वडिलांचा शपथेवर विश्वास नव्हता, पण मुलाचं डोकं पणाला लावण्याइतका अविश्वासही नव्हता. मला पुढं बसवलं. आईचा खरखरीत तळवा माझ्या भांगावर आला.

"म्हण, मशेरीला शिवले तर हिचं वाईट होईल," वडील म्हणाले.

"आवं, आसं नका म्हनायला लावू," आई म्हणाली. "दुसरी कायबी शपथ घाला. माझी घाला."

"तुझी काय घालायची? तुझं तर वाईट होतच आहे. म्हण."

तिनं म्हटलं. काकांनी सिगारेट विझवली आणि समाधानानं चहा मागितला. चहा अर्थातच आईनं केला.

तिनं मशेरी सोडली. एका दिवसात, डबी राखेत पालथी करून. पुढचे काही आठवडे तिचं डोकं ठणकायचं, पोट साफ होत नसे, हात कापायचे. पोळी करपली की ती स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यायची. कुणी तिला डोक्याची गोळी आणून दिली नाही. वडील म्हणत, "मनावर घेतलं की सगळं होतं." हे म्हणताना त्यांना थांबून पिकदाणीत थुंकावं लागे. तरी तिनं निभावलं. महिने गेले, वर्ष गेलं, चट्टा फिकट झाला. ती जेवणात पुन्हा ठेचा घ्यायला लागली. वडिलांनी विहारात सांगितलं की निर्धार असला की मनुष्य काहीही करू शकतो. निर्धार कुणाचा, ते त्यांनी मोघम ठेवलं.

मग मला हिवतापानं धरलं. थंडी वाजून ताप चढायचा, मी बरळायचे. आई माझ्या उशाशी बसून होती. घरात पाहुणे होते, त्यांचा स्वयंपाकही तिच्याच गळ्यात. दोन रात्रीचं जागरण, भीती, आणि शेजारणीकडून आलेला मशेरी भाजल्याचा वास. तिनं शेजारणीकडून चिमूट आणली. एकच चिमूट. मला पडल्या पडल्या दिसलं की तिचे खांदे खाली आले आणि तिनं एक मोठा श्वास सोडला. त्या दिवसांत तिला एवढी स्वस्थ मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझा ताप आणखी चढला. हिवताप असाच चढतो-उतरतो, त्याला कुणाच्या मशेरीशी देणंघेणं नसतं. पण आईच्या लेखी हिशोब लागला होता. तिनं शपथ मोडली आणि लेक जायला निघाली. ती इतकी भेदरली की भीती घालवायला तिनं पुन्हा चिमूट लावली. लावली म्हणून आणखी भ्याली. भ्याली म्हणून आणखी लावली. संध्याकाळपर्यंत तिच्या ओठांच्या कडा काळ्या झाल्या होत्या. शेवटी ती वडिलांच्या पायांशी बसून म्हणाली, "माझ्यानं शपथ मोडली. माह्या पोरीला काय झालं तर मी जीव देईन."

इथं त्या माणसाला एक वाक्य बोलायचं होतं. ताप डासांनी येतो आणि गोळीनं जातो, एवढंच. ज्यानं अख्ख्या वसाहतीला हे शिकवलं होतं त्यानं स्वतःच्या बायकोला ते सांगायचं होतं. वडील म्हणाले, "बघ. सांगितलं होतं ना?"

मी ते ऐकलं. तापातही नीट ऐकलं. लोक म्हणतात तापात काही आठवत नाही. मला ती दोन वाक्यं आणि त्या वेळचा त्यांचा जिंकल्यासारखा चेहरा अजून आठवतो.

गोळ्यांनी मी बरी झाले. आईला पुन्हा तसबिरींखाली बसवलं, पुन्हा माझं डोकं, पुन्हा शपथ. या वेळी ती बोलताना रडत होती आणि माझे केस ओले होत होते. पुन्हा तिनं सोडली, पुन्हा डोकेदुखी, पुन्हा महिनोन्‌महिने नीट.

पुढं माणसं हुशार झाली, विज्ञान शिकली. आता भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र लावून एखादी तरुण डॉक्टरीण सांगते की मनावर ताण आला की अंगात कॉर्टिसॉल वाढतं, डोपामिनची घडी विस्कटते, विचार करणारा मेंदूचा भाग मागं पडतो आणि जुनी सवय पुढं येते. ज्या गोष्टीनं पूर्वी एकदा आराम दिला तिची आठवण मेंदू जपून ठेवतो, आणि माणूस घाबरला की तीच बाहेर काढून हातात देतो. वर्षानुवर्षं सोडलेलं व्यसन म्हणून एका वाईट दुपारी परत येतं. त्याच्याशी इच्छाशक्तीचा संबंध असतो, पण खाटेवरच्या लोकांना वाटतो तेवढा नाही. मी अशी व्याख्यानं पुढच्या रांगेत बसून ऐकते. मागच्या रांगेतले काही पुरुष मध्येच उठून बाहेर पानाच्या टपरीवर जातात आणि येऊन प्रश्न विचारतात, "पण मॅडम, शेवटी मनाची ताकद महत्त्वाची ना?" मॅडम म्हणजे मी नव्हे, पण उत्तर द्यायला माझी जीभ शिवशिवते.

आमच्याकडे चित्रं नव्हती. आमच्याकडे वडील होते, आणि त्यांना आता एक नामी कल्पना सुचली होती. मी तेव्हा दहावीला होते. वसाहतीत महिलांचा मेळावा ठरला, विषय व्यसनमुक्ती. वडिलांनी जाहीर केलं की मशेरी कशी सोडली याचं भाषण आई करेल. आईनं जन्मात कधी चार माणसांपुढं तोंड उघडलं नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं. वडिलांनी भाषण लिहिलं आणि रोज संध्याकाळी पाठ करून घेऊ लागले. भाषणात 'तद्वतच' असा शब्द होता. आईच्या तोंडात तो काही केल्या बसेना.

"मला नाय जमायचं. मला घाम फुटतो," ती म्हणायची.

"आदर्श म्हणून उभी करतोय तुला. लोकांच्या बायका असं नशीब मागतात. परत म्हण. तद्वतच."

तालीम सुरू झाल्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी तिच्या पदराला तो वास आला. मी ओळखला. वडिलांनी ओळखला नाही, कारण ते भाषणातला पुढचा परिच्छेद बघत होते.

मेळाव्याला मांडव घातला होता. नवी साडी नेसून आई माईकपाशी उभी राहिली. मी पहिल्या रांगेत सतरंजीवर. तिनं बोलायला तोंड उघडलं आणि मला तिच्या खालच्या दातांच्या मुळाशी काळी रेघ दिसली. मशेरी खालच्या ओठाआड होती. मशेरी सोडल्याचं भाषण तिनं मशेरी तोंडात ठेवून म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, 'तद्वतच'सकट, एकदाही न अडखळता. टाळ्यांनी मांडव दणाणला. पाहुण्यांनी तिचा गुलाबाचं फूल देऊन सत्कार केला आणि म्हणाले, काय हा आत्मविश्वास. आत्मविश्वास कुठून आला होता ते मला माहीत होतं. मला हसू येत होतं आणि त्या सगळ्या मांडवाला आग लावावीशी वाटत होती.

घरी आल्यावर ती माझ्यासमोर बसली. हातातलं फूल तिनं पार कुस्करून टाकलं होतं.

"तुला काय व्हतंय का गं?" तिनं विचारलं. "डोकं-बिकं दुखतंय? खरं सांग."

"काही नाही होत."

"आज लावली मी. भाषणासाठी लावली. तुला काय व्हनार तर नाय ना?"

मी तिला हजार वेळा सांगितलं की शपथेनं काही होत नसतं. तिला ते डोक्यात पटत होतं. तिनंही वडिलांची भाषणं ऐकली होती, माझ्यापेक्षा जास्त. पण मी खोकले की तिचा चेहरा पांढरा पडे. मला शाळेतून यायला उशीर झाला की ती दारात, आणि दारात उभं राहून राहून सोसेना की मोरीमागं. माझी परीक्षा, तिची मशेरी. मी पडले, गुडघा फुटला, तिची मशेरी. तिला वाचवायला घातलेली शपथच तिला रोज नवी भीती पुरवत होती. मग ती पुन्हा सोडायची, पुन्हा लागायची. मी कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं तोवर चट्टा दुसऱ्या गालावरही आला होता.

या वेळी तिला मी नेलं. वडिलांनाही आग्रहानं सोबत घेतलं. सरकारी दवाखान्यात नव्यानं आलेली एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आईच्या तोंडात पाहिलं, मग बॅटरी ठेवली आणि स्टूल ओढून आईच्या समोर बसली. का लावता असं तिनं विचारलंच नाही.

"मध्ये सोडली होती ना? मग परत कधी सुरू झाली?"

आईनं वडिलांकडे पाहिलं.

"त्यांना नका विचारू. तुम्ही सांगा."

आई सांगायला लागली. पोरीला ताप आला तेव्हा. भाषण करायचं होतं तेव्हा. पोरीची परीक्षा होती तेव्हा. ती बोलत गेली आणि शेवटी शपथेवर आली. डॉक्टरिणीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही मनानं कच्च्या नाही आहात. मनानं कच्चं माणूस इतक्या वेळा सोडून दाखवत नाही. तुमच्या मेंदूला लहानपणापासून घाबरलं की तंबाखू मागायची सवय आहे. घाबरलात की तो मागणारच. त्यामुळे तुम्हाला घाबरवणारं जे जे आहे ते आधी कमी करायचं. त्या शपथेतून मोकळ्या व्हा. मग हळूहळू चिमूट कमी करू. एकदम तोडायची नाही. आणि मध्ये कधी लागली तर लपवायची नाही, मला येऊन सांगायचं. चट्टा अजून हाताबाहेर गेलेला नाही, पण थांबला नाही तर जाईल."

आई त्या बाईकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडात सगळ्यांनी पाहिलं होतं, तिच्याशी बोललं कुणी नव्हतं.

शपथेतून मोकळं व्हायचं म्हणजे काय हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हणायचं. खेळताना आम्ही एकमेकांना शपथा घालायचो आणि मग मागं लागायचो, सुटली म्हण, सुटली म्हण. एक शब्द. त्याला पैसा लागत नाही, भटजी लागत नाही, विहारात ठराव लागत नाही.

घरी आल्यावर आईनं वडिलांना सांगितलं, "सुटली म्हना."

वडील म्हणाले, "हे पाहा, मी शपथ वगैरे मानत नाही. जे मी मानतच नाही ते मी सोडवू कसं? हा सगळा तुझ्या मनाचा खेळ आहे. विवेकानं विचार कर."

"घालताना मानत होतात ना?" मी विचारलं.

"ती तिच्या भल्यासाठी होती."

"मग ही पण भल्यासाठीच सोडवा."

"तत्त्वाचा प्रश्न आहे," ते म्हणाले आणि तंबाखूची पिशवी सोडायला लागले. बांधताना अंधश्रद्धा चालली, सोडवायची वेळ आली आणि यांना विवेक आठवला. इतका सोयीचा विवेक मी पुढच्या आयुष्यात पुष्कळ ठिकाणी पाहिला, पण पहिला नमुना घरचाच.

मी आईला म्हटलं, "डोकं माझं आहे ना? मग मी म्हणते, सुटली."

"तुह्यानं नाय सुटत," ती म्हणाली. "घातली त्यानंच सोडायची असते. तू आपली बस गप."

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. उपाय एका शब्दावर अडला होता आणि तो शब्द असलेलं तोंड तंबाखूनं भरलेलं होतं. आई रोज मागायची, ते रोज तत्त्व सांगायचे. ती पूर्वीपेक्षा जास्त मशेरी लावायला लागली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं होतं, पण जायला ती तयार होईना. "काय तोंड दाखवू त्या पोरीला?" म्हणायची. मी वडिलांशी बोलणं टाकलं. त्यांना त्याचा फारसा त्रास झाल्याचं दिसलं नाही.

एका रविवारी काका आले होते. दोघं खाटेवर बसले होते. वडील तंबाखू मळत होते आणि काकांना सांगत होते, हसत हसत, की विसाव्या शतकात आपल्या घरची बाई 'सुटली म्हणा' म्हणून मागं लागते. काकाही हसले. आई भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि खाटेपुढं येऊन उभी राहिली.

"तुमी शपथ मानत नाय ना?"

"नाही म्हणून किती वेळा सांगू?"

"काय व्हत नसतं ना शपथेनं?"

"काडीचं होत नाही."

"बरं. मंग पोरीच्या डोक्यावरची नका सोडू, ऱ्हाऊ द्या. मी तुमच्या डोक्यावर हात ठिवून नवी घेते." आणि तिनं खरंच हात पुढं केला. "पोरीसाठी माह्या जिवाला लय घोर लागतो, त्यानं जास्तीच लागते मला. तुमचं डोकं आसलं म्हंजी घोर नाय. कधी मोडलीच तर मोडली. तुमाला कुठं काय व्हनार हाय?"

वडिलांचं डोकं मागं गेलं. विचारानं नव्हे, आपोआप, गरम तव्यापासून हात मागं जातो तसं. तळहातावरचा मळलेला तंबाखू लेंग्यावर सांडला. आईचा हात पुढं येत राहिला, त्यांची पाठ भिंतीला टेकली.

"अगं, हे काय चालवलंयस? खाली घे हात. खाली घे आधी!"

काकांच्या सिगारेटची राख चादरीवर पडली. "दादा, म्हणून टाक ना," ते घाईनं म्हणाले. "एक शब्द तर आहे."

"सुटली!" वडील म्हणाले. "सुटली म्हणतोय ना! झालं?"

"मला नका सांगू. तिला सांगा," आई म्हणाली. हात अजून तसाच होता.

कचेरीतल्या शिपायांवर खेकसणारा, मेळाव्यात माईक न सोडणारा तो माणूस माझ्याकडे वळला आणि माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाला, "सुटली." मग त्यांनी सदरा चढवला आणि विहाराचं काहीतरी काम आहे म्हणून निघून गेले. काकांनाही लासलगावची लवकरची गाडी आठवली.

आई तिथंच जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडली. मी तिच्याजवळ बसले. मला खूप आनंद झाला होता आणि खूप चीड आली होती. एवढ्याशा शब्दासाठी हिला इतकी वर्षं नरकात ठेवलं, आणि अखेर तो बाहेर पडला तो हिच्या गालातल्या चट्ट्यासाठी नाही, स्वतःच्या डोक्यासाठी. भाकरी तव्यावर करपून गेली. ती काढायला आम्ही दोघीही उठलो नाही.

पुढच्या आठवड्यात ती स्वतःहून दवाखान्यात गेली. चिमूट हळूहळू कमी होत गेली, मागच्या दारात बसायची वेळ तेवढीच राहिली. मशेरी नसली तरी त्या अर्ध्या तासात तिला हाक मारायची नाही, असं मी घरात बजावून ठेवलं होतं. चट्टे वाढायचे थांबले. मग मशेरी बंदच झाली. वडील तंबाखू शेवटपर्यंत खात राहिले आणि विहारात व्यसनमुक्तीवर बोलत राहिले.

माझं लग्न ठरलं त्या दिवसांत मी एकदा दुपारी घरी आले तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. मी समोर बसून जुडी सोडली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "काल लावली गं चिमूटभर. तुह्या सासरची मानसं आली व्हती ना, तवा. छातीत धडधडायला लागलं."

मी म्हटलं, "बरं."

मी वाट बघत होते की आता ती माझ्याकडे निरखून बघेल, डोकं दुखतंय का विचारेल, रडेल. ती मेथीची पानं खुडत राहिली.

"मंग परत नाय वाटली लावावी," ती म्हणाली.